पर्यावरणमंत्र्यांना खुलं पत्र: आमची माती कोण तपासणार?

मा. पर्यावरणमंत्री, महाराष्ट्र राज्य,
स.न.वि.वि.

मी चिखलीत राहतो, आपल्या पुण्याला लागूनच. घरामागे दीड गुंठा जागा आहे, आई तिथे पालक, मेथी, अंबाडी लावते. मागच्या आठवड्यात वाफा उकरताना खाली काळा थर लागला, त्यात वायरीचे तुकडे आणि जुन्या बॅटरीची फुटकी शिशाची प्लेट. भराव कुठून आणला होता कुणास ठाऊक. आई म्हणाली, चाळून घेऊ. आता शिसं चाळणीने निघत असतं तर अजून काय पाहिजे होतं!

आळंदीला इंद्रायणी फेसाळली की फोटो फिरतात, अधिकारी बाटल्या भरून पाणी नेतात, मातीला बिचारीला फेस येत नाही. भोसरी एमआयडीसीत प्लेटिंगचे, म्हणजे धातूचा मुलामा द्यायचे, छोटे कारखाने आहेत, क्रोम, निकेल, झिंक रोजचंच, त्याचं पाणी नाहीतर गाळ जमिनीत मुरला की धातू काही कुजत नाही, बहुतेक वरच्या वीतभर मातीतच धरून राहतो आणि कॅडमियमसारखा विषारी धातू तर पालेभाज्या मुळातून चांगलाच ओढून घेतात.

आमच्याकडे मृदा आरोग्य पत्रिका आहे, २०१५ च्या योजनेतली. नत्र-स्फुरद-पालाश, जस्त, लोह, सामू वगैरे १२ गोष्टी त्यात येतात. शिसं, कॅडमियम, क्रोमियम नाही. पिकाला काय कमी पडतंय ते त्यात कळतं, जास्तीचं काय आलंय ते कोण बघणार? एका ऑफिसात विचारलं तर म्हणे कृषीकडे जा, तिथले म्हणाले हे प्रदूषणवाल्यांचं.

आणि आमच्या चिखलीतलीच कुदळवाडी. २०२५ च्या फेब्रुवारीत महापालिकेने भंगाराची गोदामं, शेड पाडली, बरं. पण इतकी वर्षं तिथे आगी लागल्या, त्याची राख जमिनीतच आहे ना? तिथे बिल्डिंगा, बागा व्हायच्या आधी माती तपासा. केंद्राने जुलै २०२५ मध्ये दूषित जागांचे नियम काढलेत, संशयित जागांची माहिती जिल्हा प्रशासनाने द्यायची आणि राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाने ९० दिवसांत प्राथमिक तपासणी करायची. पुणे जिल्ह्याच्या यादीत कुदळवाडी आहे का, एवढं तरी सांगा. आणि "आपल्या काळ्या दगडातच क्रोमियम, निकेल असतं" हे उत्तर नको, असतं ते मलाही माहितीये, म्हणूनच लांबच्या स्वच्छ शेतातला नमुना शेजारी ठेवून बघा आणि सहा संयुजेचं, विषारी क्रोमियम वेगळं मोजा.

तोवर आईला वाफ्यात झेंडू लाव म्हटलंय. पालक मंडईतून आणतो, तो कुठल्या मातीतला ते भाजीवालीलाही माहीत नाही.

आपला,
चिखलीतला एक रहिवासी