तो धूर आहे

प्रिय शुभे,

चार महिने तुला उत्तर नाही, बोलणी खायला तयार आहे. गुडघा तसाच, गोळ्या चालू. आज लिहायला बसले ते वेगळ्याच कारणानं.

परवा छापचित्रांच्या वर्गात एका मुलीनं झिंक प्लेट शाई लावून कागदावर दाबली, पहिलं प्रूफ काढलं. कोसळलेलं घर, ढिगाऱ्यातून बाहेर आलेला एक हात. रोज फोनवर दिसणाऱ्या युद्धाच्या फोटोंवरून केलेलं. ओला कागद उचलला आणि मी बोलून गेले, "काय सुंदर ग्रे आलाय गं!" ती गप्प. मग हळूच म्हणाली, "मॅडम, तो धूर आहे."

तेव्हापासून झोप नाही, शुभे. स्टुडिओतलं आपलं भांडण आठवतंय? असेच मऊ ग्रे यावेत म्हणून मी प्लेटवर राळेची पूड पाडत बसायचे आणि तू ओरडायचीस, "युद्धाची मखमल करू नकोस!" तीन दिवस अबोला. माझा डबा मात्र रोज तूच संपवायचीस.

काल स्पॅनिश चित्रकार गोयाची युद्धावरची चित्रमालिका पुन्हा उघडली. दहा वर्षं खपून त्यानं ८२ प्लेटा केल्या, आणि मालिका छापून निघाली १८६३ साली, तो जाऊन ३५ वर्षं झाल्यावर. २६ वं चित्र बघ, 'बघवत नाही'. गुडघे टेकलेली माणसं, मागे काळोख, मारणारे कुठेच नाहीत. उजव्या कडेनं फक्त संगिनींची टोकं आत आलीत. त्या काळोखाला सुंदर म्हणायची माझी हिंमत होत नाही. मग या पोरीच्या धुराला कशी झाली?

तुझ्या जर्मन चित्रकार कोलविट्झबाईंकडेही गेले. त्यांचा मुलगा पेटर १८ वर्षांचा, सैन्यात जायला निघालेला. वडील नको म्हणत होते, आईनंच त्याच्यासाठी शब्द टाकला, आणि १९१४ च्या ऑक्टोबरात तो बेल्जियममधल्या फ्लँडर्समध्ये मारला गेला. ते युद्ध चित्रात आणायला बाईंचं एचिंग झालं, लिथो झालं, मनासारखं उतरेना. शेवटी लाकूड कोरलं. सात ठसे. पहिल्यात आईच आपलं तान्हं उचलून पुढे धरते. नुसतं काळं आणि पांढरं. तेव्हा तू हेच सांगत होतीस, आणि मी तुला हट्टी म्हटलं.

सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं का? अनूचं काय ठरलं, तेही कळव.

ती मुलगी विचारतेय, ग्रे घासून काढू का? स्क्रेपर हातात घेऊनच उभी होती. गुरुवारपर्यंत प्लेटला हात लावू नकोस म्हटलंय. प्रूफचा फोटो सोबत आहे. बघ, आणि त्याआधी फोन कर.

तुझी,
नलू