मेणाचा ठोकळा पुन्हा तपासल्याबद्दल

आदरणीय डॉक्टर मॅडम,
सादर नमस्कार.

गेल्या वैशाखात आप्पांचे कागद घेऊन आम्ही अमळनेरहून जळगावला आपल्याकडे आलो, तेव्हा मनात फारशी आशा नव्हती. अन्ननलिका जठराला मिळते तिथली कर्करोगाची गाठ यकृतापर्यंत पोहोचली होती आणि एका प्रयोगशाळेने ‘हर-टू’ या प्रथिनाच्या तपासणीत १+, म्हणजे निगेटिव्ह, असा निकाल दिला होता. आपण तो कागद बाजूला ठेवून आधी बायोप्सीचा मेणाचा ब्लॉक, म्हणजे गाठीचा तुकडा ज्यात जपून ठेवतात तो ठोकळा, मागितलात. तो मिळवायला आम्हाला चार खेटे घालावे लागले, ते असो.

त्या ब्लॉकवरून आपण नवीन स्लाइड करून घेतल्यात आणि मलाही सूक्ष्मदर्शकातून पाहू दिलेत. पेशींच्या दोन्ही बाजूंना आणि तळाशी हर-टू दाखवणारा फिकट तपकिरी रंग होता, वरची कड मात्र कोरी. इंग्रजी ‘यू’ अक्षरासारखी. स्तनाच्या कर्करोगात रंग पेशीभोवती पूर्ण फिरला आहे का, हे पाहतात. जठराच्या ग्रंथींत तो असा अर्धवटच दिसतो, आणि बायोप्सीच्या तुकड्यात अशा पाच पेशींचा पुंजका सापडला तरी तो मोजावा लागतो, हे आपण समजावलेत. आधीचा निकाल बहुधा स्तनाच्या मोजपट्टीने दिला गेला असावा. आपण २+ लिहिलेत, आणि २+ म्हणजे होकारही नाही नि नकारही नाही, म्हणून हर-टूच्या जनुकाच्या प्रती मोजणाऱ्या ‘फिश’ तपासणीसाठी ब्लॉक मुंबईला पाठवायला सांगितलात. “मेण आहे, गाडीत उन्हात ठेवू नका,” हेही बजावलेत. आमच्याकडच्या वैशाखात ती सूचना अगदीच गरजेची होती.

फिश पॉझिटिव्ह आली आणि केमोथेरपीच्या जोडीला हर-टूवरच काम करणारे ट्रास्टुझुमॅब हे औषध सुरू करता आले. “मना पोटमा काय शे, ते खरं सांगा,” असे आप्पांनी विचारले, तेव्हा आपण खोटा धीर दिला नाहीत. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत या औषधाने मध्यक आयुष्य, म्हणजे निम्मे रुग्ण ज्याहून अधिक जगतात तो काळ, ११.१ महिन्यांवरून १३.८ महिन्यांवर गेले, हे आकडे मला वेगळे सांगितलेत, आणि आप्पांना त्यांच्याच अहिराणीत, त्यांना पेलेल इतके.

दर एकवीस दिवसांनी सलाइन लागते, मधूनमधून हृदयाची इको होते. आप्पा आता दुधात कुस्करलेली भाकरी स्वतःच्या हाताने खातात. पहिल्या महिन्यात पाण्याचा घोटही अडकत होता.

पुढे पीडी-एल-वन किंवा क्लॉडिन या दुसऱ्या प्रथिनांची तपासणी करायची झाल्यास तोच ब्लॉक लागेल, असे आपण म्हणाला होतात. मुंबईहून परत आल्यावर आईने तो सातबाऱ्याच्या डब्यात ठेवला आहे, आणि डबा पत्र्याच्या खोलीतून काढून माजघरातल्या कोनाड्यात हलवला आहे.

आपला कृतज्ञ,
आप्पांचा मुलगा, अमळनेर