८०८५चा भाऊबंद

डॅलस,
१२ जानेवारी २०२५

प्रिय सुधीर,

सप्रेम नमस्कार.

मुलाने कॉलेजात जाताना टाकून दिलेला टीआय-८३ प्लस हा आलेखी कॅल्क्युलेटर सध्या माझ्या ताब्यात आहे, आणि तुझ्या हाती तसाच एक आल्याचे कळल्यामुळे हे पत्र. त्यावर असेंब्ली, म्हणजे प्रोसेसरला थेट त्याच्याच सूचना देण्याची भाषा, शिकायला कुठून आरंभ करू, असे तू विचारलेस. माझ्या मते डिप्लोमाच्या प्रयोगशाळेत इंटेलच्या ८०८५ या मायक्रोप्रोसेसरच्या किटवर बोटे झिजवली, तेव्हाच तुझा आरंभ झाला आहे.

या कॅल्क्युलेटरच्या पोटात झायलॉग कंपनीचा झेड८० हा प्रोसेसर आहे, ६ मेगाहर्ट्झवर चालणारा. इंटेलमध्ये ८०८०, म्हणजे आपल्या ८०८५चा पूर्वज, घडवणाऱ्या फेदेरिको फाजिन यांनीच तिथून बाहेर पडून तो १९७६मध्ये बाजारात आणला आणि ८०८०चे ऑपकोड, म्हणजे सूचनांचे आकडी संकेत, त्यात जसेच्या तसे ठेवले. त्यामुळे एचएल या रजिस्टरच्या जोडीत आकडा भरणाऱ्या आपल्या एलएक्सआय एचचा २१ इथेही २१च आहे, फक्त नाव एलडी एचएल झाले आहे. रिटर्नचा सी९ही तोच. फसशील ते रिम आणि सिम या ८०८५च्या खास सूचनांमध्ये, कारण त्यांचे २० आणि ३० इथे सापेक्ष उड्यांना, म्हणजे आहे तिथून काही बाइट पुढे-मागे जाणाऱ्या सूचनांना, दिले आहेत.

संगणक किंवा केबल काहीही लागत नाही. नवा प्रोग्रॅम उघडून कॅटलॉगमधून, म्हणजे कॅल्क्युलेटरच्या आज्ञांच्या यादीतून, ‘ॲस्मपीआरजीएम’ हा शब्द पहिल्या ओळीत घे आणि खाली एवढेच लिही:

२१ ६४ ००
ईएफ ०७ ४५
सी९

मधल्या जागा मी वाचण्यासाठी सोडल्या आहेत, तू सोडू नकोस. मग कॅटलॉगमधलाच ‘ॲस्म(’ घेऊन त्यापुढे प्रोग्रॅमचे नाव दिलेस, की पडद्यावर १०० उमटतील, कारण हेक्समधले (सोळाच्या पायावरचे) ६४ म्हणजे दशमानातले १००. ईएफ म्हणजे आपली आरएसटी ५ ही सूचना: ती २८ हेक्स या पत्त्यावर उडी मारते आणि तिथे बसलेली कॅल्क्युलेटरची प्रणाली पुढचे दोन बाइट उलट क्रमाने वाचून, म्हणजे ४५०७, हा आपल्याच एका उपकार्यक्रमाचा क्रमांक समजून तो चालवते. एचएलमधला आकडा दशमानात छापणे हे त्याचे काम. किटवर हेच करायला आपण किती रात्री घालवल्या होत्या!

सी९ मात्र विसरू नकोस. मी पहिल्याच दिवशी विसरलो, यंत्र गोठले, एक सेल काढून पुन्हा बसवावा लागला आणि रॅममधले सगळे पुसले गेले. जपायचे ते आधी आर्काइव्हमध्ये, म्हणजे रॅमबाहेरच्या कायम स्मृतीत, हलव. तिथला मजकूर सहसा वाचतो. तसेच आयवाय या रजिस्टरला हात लावू नकोस, कारण प्रणाली आपले सारे फ्लॅग, म्हणजे स्थिती सांगणाऱ्या खुणा, त्याच्या आधारे शोधते.

हे जमले की पडद्याकडे वळ. तो ९६ गुणिले ६४ ठिपक्यांचा, म्हणजे ७६८ बाइटांचा आहे, आणि तेवढे बाइट लूपमध्ये भरताना डीजेएनझेड ही सूचना तुला आवडेल: डीसीआर बी (बी रजिस्टर एकने कमी करणे) आणि जेएनझेड (शून्य नसेल तर उडी) या दोघांचे काम ती एकटी करते, पण तिची उडी सव्वाशे बाइटांच्या आसपासच पोहोचते.

तुझ्याकडे ऑपकोडचा तो पिवळा पडलेला तक्ता अजून असेल, तर त्याचा फोटो पाठव. माझा हरवला आहे.

तुझा,
विनय