बाबांची सीट आणि लंडनचा जिना

लंडन,
9 फेब्रुवारी

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

रोज फोन होतोच, मग पत्र कशाला, असं आई म्हणेल. पण फोनवर बाबा दोन मिनिटांत "बरं आहे ना सगळं? घे, आईशी बोल" म्हणून मोकळे होतात, आणि आईशी बोलताना जेवण, थंडी आणि मामाकडचं लग्न यापुढं गाडी सरकत नाही. मला जे सांगायचंय ते सलग सांगायचंय. बाबा, हे आईला मोठ्यानं वाचून दाखवा. तिचा चष्मा अजून बदलून झाला नसणार.

निघायच्या आदल्या रात्री अंगणात बसून तुम्ही विचारलं होतंत, "एमबीबीएस झालीस. आता खेळाडूंची डॉक्टर व्हायला ग्रॅच्युइटीतले पैसे घालायचे, ते कशासाठी, एवढं मला एकदा समजावून सांग." मला धड सांगता आलं नाही. "स्पोर्ट अँड एक्सरसाइज मेडिसिन, बाबा, वेगळी शाखा आहे," एवढंच पुटपुटले. तुम्ही मान हलवलीत आणि दुसऱ्या दिवशी बँकेत गेलात. तेव्हापासून तो प्रश्न माझ्याकडं उधार आहे. त्याचं उत्तर इथं सापडलं, आणि तेही तुमच्याच एसटी ड्रायव्हरच्या नोकरीत.

पहिल्याच महिन्यात एका तासाला सरांनी पडद्यावर जुना फोटो लावला. लाल डबल डेकर, पुढं केबिनमध्ये ड्रायव्हर, मागच्या उघड्या पायरीवर खांद्याला पट्टा अडकवून उभा कंडक्टर. वर्गात आम्ही डॉक्टर आणि फिजिओथेरपिस्ट मिळून तीसेक जण, नायजेरियापासून आयर्लंडपर्यंतचे. मला वाटलं, शहराची ओळख म्हणून दाखवताहेत. पण आम्ही जे शिकतोय त्यातल्या निम्म्या शास्त्राचं मूळ त्या बसमध्ये होतं.

जेरी मॉरिस नावाचे डॉक्टर होते, ग्लासगोत वाढलेले. दुसऱ्या महायुद्धानंतर इथं हार्ट अटॅकनं धडधाकट माणसं जाऊ लागली आणि कारण कुणाला उमजेना. मॉरिसनी लंडनच्या बस, ट्राम आणि ट्रॉलीबसवरचे 35 ते 64 वयाचे सुमारे 31,000 कामगार अभ्यासाला घेतले. काही ड्रायव्हर, काही कंडक्टर. दोघंही एकाच गाडीवर, एकाच धुरात, राहायलाही साधारण सारख्याच वस्त्यांत. फरक एवढाच, की ड्रायव्हर पाळीभर बसून, आणि कंडक्टर तिकिटं देत देत दिवसाला 500 ते 750 पायऱ्या चढायचा. 1953 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष छापून आला: कंडक्टरांना हृदयविकार कमी होतो, झाला तरी उशिरा होतो, आणि पहिल्या झटक्यातच दगावणारे ड्रायव्हरांमध्ये कितीतरी जास्त असतात.

बाबा, मी लिहायचं थांबले. मला तुमची पाठ दिसत होती. सुट्टीत मी तुमच्याबरोबर कराड-चिपळूण गाडीला यायचे, तेव्हा बॉनेटवर टॉवेलाची घडी घालून मला बसवायचात. कुंभार्ली घाटात तुमचे दोन्ही हात स्टिअरिंगवर, मानेवरून घामाचा ओघळ, आणि कंडक्टर काका दांडी धरत धरत गाडीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. आपल्या एसटीला जिना नाही, पण ते बसलेले मला आठवतच नाहीत. तुम्ही उभे राहिलेले आठवत नाही. 31 वर्षं.

मॉरिस आणि त्यांच्या सोबत्यांनी पुढं 1956 साली आणखी एक गोष्ट छापली. गणवेशासाठी कामगारांच्या कमरेची मापं नोंदलेली होती, ती त्यांनी तपासली. प्रत्येक वयात ड्रायव्हरची पँट कंडक्टरपेक्षा घेरानं मोठी. आई, हे ऐकताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं, तुला कारण कळेल. दर दिवाळीच्या आधी तू ट्यूबलाइटखाली बसून बाबांच्या खाकी पँटची मागची शिवण उसवायचीस, आतली माया सोडवायचीस आणि परत टीप मारायचीस. एका वर्षी माया संपली. मग तू दोन्ही बाजूंना नव्या खाकीचे तुकडे जोडलेस, आणि विटलेल्या पँटवर ते गडद पट्टे उठून दिसायचे. तो आपल्या घरातला सगळ्यात जुना वैद्यकीय कागद होता आणि तो वाचायला कुणी शिकवलं नव्हतं.

सरांनी लगेच बजावलंही, की यावरून घाई करू नका. भरतीच्या वयातच ड्रायव्हर थोडे जाड होते, मग बसण्यानं वजन वाढलं की वजनदार माणसं ड्रायव्हर झाली? मॉरिसना हा प्रश्न माहीत होता. म्हणून त्यांनी बारीक, मध्यम आणि जाड अशी वेगवेगळी तुलना केली. प्रत्येक गटात कंडक्टरच बरे निघाले. म्हणजे पोट असूनही हिंडत्या माणसाचा फायदा होतच होता. बाबा, ही ओळ दोनदा वाचा. "आता वजन उतरत नाही, मग चालून काय उपयोग" असं तुम्ही म्हणता ना, त्याचं उत्तर यात आहे. मॉरिस स्वतः 99 वर्षं जगले.

तुमचा रिपोर्ट भावानं मला पाठवलाय. रागावू नका त्याच्यावर. तीन महिन्यांची सरासरी साखर (एचबीए1सी) 8.1 आहे, म्हणजे जास्तच. रिटायर झाल्यावर तुमची सीट बदलली, बसणं तेच राहिलं, पार आणि टीव्ही. तुम्हाला कुणी पळायला सांगत नाही. न्यूझीलंडमध्ये 41 मधुमेही माणसांना काही दिवस दिवसातून एकदा 30 मिनिटं चालवलं, आणि काही दिवस प्रत्येक जेवणानंतर फक्त 10 मिनिटं. चालणं तेवढंच, पण जेवणानंतर चालले तेव्हा जेवणानंतरची साखर सरासरी 12 टक्के कमी भरली, रात्रीच्या जेवणानंतर 22 टक्के. कारण साधं आहे. स्नायू कामाला लागला की तो इन्शुलिनची वाट न बघता रक्तातली साखर ओढून घेतो. आणि शरीरातल्या सगळ्यात मोठ्या स्नायूंत मांड्यांचे येतात, जे तुम्ही 31 वर्षं क्लच आणि ब्रेकपुरते वापरलेत.

तेव्हा रात्री ताट सारलं की चप्पल नाही, ते बूट घालायचे, मी घेऊन दिलेले. मारुतीच्या देवळापर्यंत जाऊन परत यायचं. मधुमेहात पायाची जखम कळेलच असं नाही, म्हणून घरी आल्यावर तळवे उजेडात बघायचे, आईनं बघितले तर उत्तम. तुमच्या गोळ्यांत साखर एकदम खाली आणणारी एक आहे, त्यामुळं खिशात खडीसाखर असू द्या. छाती भरून आली, दम लागला, घाम सुटला तर तिथंच थांबायचं आणि सरळ डॉक्टरांकडं जायचं, घरी येऊन पडायचं नाही. सुरू करण्याआधी आपल्या डॉक्टरांना एकदा विचारून घ्या. मी सांगितलंय म्हणून सांगा, ते नाही म्हणणार नाहीत.

आता एक गोष्ट, जी मी तुमच्यापासून तीन महिने लपवली.

गुडघा तपासायच्या प्रॅक्टिकलला आम्ही जोड्या करून एकमेकांचे गुडघे तपासतो. गुडघा जरासा वाकवायचा, एका हातानं मांडी घट्ट धरायची, दुसऱ्या हातानं नडगी पुढं ओढायची. आतलं लिगामेंट, म्हणजे हाडांना जोडणारा बंध, शाबूत असेल तर दावं ताणल्यासारखी हद्द लागते. माझी जोडीदार आयरिश फिजिओ आहे. तिनं माझा डावा गुडघा ओढला, थांबली, उजवा ओढून बघितला, मग पुन्हा डावा. तिचा चेहरा बघूनच मला कळलं. हद्द लागतच नव्हती. पुढं एमआरआय झाला. जुनं फाटलेलं लिगामेंट, दहावीतल्या खो-खोच्या मॅचचं. खांबाला वळसा घेताना आवाज आला होता, कुणी सुकी काटकी मोडावी तसा. ज्या दवाखान्यात नेलंत तिथं एक्स-रे काढून "हाड शाबूत आहे, मुरगळलाय" म्हणाले, आणि मुलीला आता खेळ पुरे, असंही सांगितलं. एक्स-रेत लिगामेंट दिसत नाही, हे तेव्हा आपल्याला कुणी सांगितलं नाही. आई, तू महिनाभर रात्री आंबेहळदीचा लेप लावलास. त्या वेळी घरात करण्यासारखं होतं ते सगळं तू केलंस, यात मनाला काही लावून घेऊ नकोस.

आणि घाबरू नका. दर फाटलेल्या लिगामेंटला ऑपरेशन लागतंच असं नाही. स्वीडनमध्ये 121 तरुणांवर अभ्यास झाला, 2010 साली प्रसिद्ध झाला. निम्म्यांचं लगेच ऑपरेशन केलं, निम्म्यांना आधी नुसता व्यायाम दिला आणि गरज पडली तरच ऑपरेशन. दोन वर्षांनी दोन्ही गटांची तब्येत सारखीच. मी आठवड्यातून तीनदा जिममध्ये मांड्यांचा व्यायाम करते. 25 नंबरच्या बसच्या वरच्या मजल्यावर आता कठडा न धरता चढते. (इथं आता कंडक्टर नाही, बाबा. कार्ड टेकवायचं आणि बसायचं. ड्रायव्हर काचेआड एकटाच असतो.)

मला वाईट वाटतं ते सुटलेल्या खेळाचं. एकाच खेळात मुलांपेक्षा मुलींचं हे लिगामेंट दुपटीहून जास्त वेळा फाटतं, आणि ते बऱ्याच अंशी टाळता येतं. नॉर्वेत 13 ते 17 वयाच्या 1,892 फुटबॉल खेळणाऱ्या मुलींवर केलेला अभ्यास 2008 साली आला. खेळाआधी 20 मिनिटांचा ठरावीक वॉर्म-अप: उडी मारून गुडघे आत न पाडता उतरणं, एका पायावर तोल, मांडीच्या मागच्या स्नायूंची ताकद. एकूण दुखापती साधारण तिसऱ्या हिश्श्यानं कमी झाल्या. यात एकही यंत्र नाही. आपल्या शाळेच्या लाल मातीच्या मैदानावर उद्या सकाळी सुरू करता येईल. आमच्या सरांना कुणी हे शिकवलं असतं तर त्यांनी नक्की करून घेतलं असतं, जीव लावायचे ते आम्हाला.

आई, आता तुझा गुडघा. तुला सांगितलंय की वंगण संपलंय, जिना चढू नका, जमेल तेवढी विश्रांती घ्या. आणि तू तेव्हापासून माडीवर गेलेली नाहीस. अगं, गुडघ्यातल्या कूर्चेला, म्हणजे हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत थराला, रक्तवाहिन्या नसतात. सांध्यावर भार पडतो आणि उतरतो तेव्हा आतल्या पातळ द्रवातून तिला पोषण मिळतं. बाबांना विचार, गाडी महिनाभर डेपोत उभी ठेवली तर काय होतं. इथल्या सरकारी मार्गदर्शक सूचनांत, 2022 सालच्या, गुडघ्याच्या संधिवातावर पहिला उपचार म्हणून व्यायामच लिहिलाय, सगळ्यांसाठी, दुखत असलं तरी. करताना थोडं दुखेल. दुसऱ्या दिवशीपर्यंत ते दुखणं पहिल्याइतकं उतरलं तर काही बिघडलं नाही असं समज. नाही उतरलं तर थोडं कमी कर, पण सोडू नकोस. मांडी घालून बसणं काही दिवस राहू दे. माडीवर मात्र जा, कठडा धरून, सावकाश.

पुढचं विचाराल म्हणून लिहिते. ही एमएससी आहे, एमडी नव्हे, आणि ती एक वर्षाची आहे. भारतात परत आल्यावर या पदवीनं मी तज्ज्ञ म्हणून नोंदवली जाणार नाही, हे मला निघताना माहीत होतं आणि तुम्हालाही माहीत असायला हवं. आपल्याकडं एमडी स्पोर्ट्स मेडिसिन आहे, पुण्यात एएफएमसी या लष्करी वैद्यकीय महाविद्यालयातही आहे, पण देशभरात जागा मोजक्याच. मी नीट-पीजी, म्हणजे त्यासाठीची प्रवेश परीक्षा, देणार. तोवर सप्टेंबरमध्ये प्रबंध जमा करून ऑक्टोबरात घरी येईन. इथं राहा असं मैत्रिणी म्हणतात. मी विचार केला आणि नाही ठरवलं. कराडला आठवड्यातून दोन दिवस शाळेच्या मैदानावर, आणि डेपोच्या लोकांनी परवानगी दिली तर एक दिवस डेपोत. तिथं सकाळी पाळी लागायच्या आधी ड्रायव्हर लोकांचं बीपी, साखर आणि कमरेचं माप घ्यायचंय. बाबा, तुमच्या ओळखीनं साहेबांशी एकदा बोलाल का? हे तुमच्याशिवाय होणार नाही.

आणि आई, गेल्या रविवारी व्हिडिओवर तू खुर्चीतून हात छातीशी धरून 30 सेकंदांत 8 वेळा उठलीस. तुझ्या वयाच्या बाईला निदान 12 तरी यायला हवेत. खुर्ची भिंतीला टेकवून ठेव, रोज सकाळी चहाचं आधण ठेवलं की ते उकळेपर्यंत जमेल तेवढ्या उठाबशा खुर्चीवरच. बाबांनी मोजायच्या, मोठ्यानं. रविवारी मी सकाळी नऊला फोन करेन, तुमच्याकडं दुपारचे अडीच वाजलेले असतील. आधी आकडा सांगायचा, मग लग्नाचं.

तुमची लेक