मंजूर कामाचा पैसा हातात कधी येतो

मिनीआपोलिस

ती. काकांस,
सा. न.

इथले सायकलमार्ग आणि लहान रस्ते कोण ठरवतं, पैसा कुठून येतो, हे तुम्ही फोनवर विचारलंत. तेव्हा बोलणं अर्धवट राहिलं, म्हणून सविस्तर लिहितो.

इथल्या, म्हणजे अमेरिकेच्या, केंद्रीय कायद्यानुसार ५०,००० हून जास्त वस्तीच्या प्रत्येक शहरी पट्ट्याला वाहतूक नियोजनाची एक प्रादेशिक संस्था लागतेच. आमच्या भागात ते काम मेट्रोपॉलिटन कौन्सिलकडे आहे. आमच्या मिनेसोटा राज्याच्या विधिमंडळाने ती १९६७ मध्ये स्थापन केली. तिच्या हद्दीत सात काउंट्या (आपल्याकडच्या जिल्ह्यांसारख्या) येतात. तिच्याकडचे दोन दस्तऐवज महत्त्वाचे. एक किमान २० वर्षांचा आराखडा, दुसरा चार वर्षांचा कार्यक्रम. कोणतं काम, कोणत्या वर्षी, कोणत्या पैशातून, हे या दुसऱ्यात असतं. यादीतल्या कामांची बेरीज खात्रीने येणाऱ्या पैशापेक्षा जास्त असून चालत नाही. शिवाय खर्च आजच्या दराने मांडायचा नाही, ज्या वर्षी काम होणार त्या वर्षीच्या दराने मांडायचा. मला हा नियम फार मोलाचा वाटतो, कारण नुसती आश्वासनांची यादी त्यामुळे करताच येत नाही.

या कार्यक्रमातल्या केंद्राच्या पैशासाठी दर दोन वर्षांनी शहरं आणि काउंट्या कौन्सिलकडे अर्ज करतात, अर्जांना गुण मिळतात, निवड होते. खरी अडचण निवडीनंतर सुरू होते.

केंद्राचा हिस्सा साधारण ८० टक्के आणि स्थानिक २०. पण ते ८० टक्के आगाऊ मिळत नाहीत. शहराने कंत्राटदाराचं बिल मान्य करायचं, राज्याच्या वाहतूक खात्याकडे मागणी पाठवायची, मग परतावा येतो. मंजुरीचं पत्र मिळण्याआधी निविदा काढली किंवा काम सुरू केलं, तर त्या खर्चाचा परतावा नाही.

समजा, सायकलमार्गाचा अंदाज २० लाख डॉलर आहे. केंद्राचे १६, शहराचे ४. निवडीच्या वेळी ठरलेला केंद्राचा आकडा सहसा वाढत नाही. निविदा २५ लाखांची आली की वरचे पाचही लाख शहराच्या माथी. खर्च वाढला चौथ्या हिश्श्याने, पण शहराचा बोजा चारावरून नऊवर, म्हणजे दुपटीहून जास्त. नकाशे, जमीन आणि देखरेख यांचा खर्च बऱ्याचदा याशिवाय वेगळा. म्हणून लहान शहरांनी अर्जाआधीच जमिनीची मोजणी आणि विजेच्या खांबांची यादी करून ठेवावी, असं माझं ठाम मत आहे.

बहुतेक कामं जमिनीपाशी अडतात. मार्ग १० फूट रुंद, दोन्ही बाजूंना दोन-दोन फूट मोकळी जागा, म्हणजे १४ फुटांची पट्टी हवी. त्यात एखाद्या अंगणाची कड येते. अशा वेळी जमीन घेण्याबाबतच्या १९७० च्या केंद्रीय कायद्यानुसार आधी मूल्यांकन, मग लेखी प्रस्ताव, मग बोलणी. एखाद्या नगरसेवकाने चांगल्या मनाने आधीच मालकाशी भाव ठरवला, तर प्रक्रिया बिघडते आणि केंद्राचा पैसा धोक्यात येतो. जमीन ताब्यात असल्याचा दाखला नसेल तर निविदा निघत नाही. तेवढ्यात कार्यक्रमातलं वर्ष उलटतं. मुदतवाढ एखाद्या वर्षाची मिळू शकते. तीही हुकली की पैसा दुसऱ्या कामाकडे जातो.

बांधकामातली नेहमीची चूक चौकातल्या उतरत्या कोपऱ्याची. व्हीलचेअरसाठी उतार जास्तीत जास्त १२ फुटांना एक फूट, आणि आडवा उतार दोन टक्क्यांच्या आत लागतो. काँक्रीट ओतताना साचा जरा कलला, तर चार फुटांत एक इंचाहून जास्त फरक पडतो आणि दोन टक्क्यांची मर्यादा ओलांडली जाते. मग तो कोपरा फोडून पुन्हा करावा लागतो. साच्यावर लेव्हल ठेवून दोन मिनिटं बघितलं असतं, तर हे टळलं असतं.

बसचं गणित निराळं. मोठ्या शहरी भागांना केंद्राकडून बस विकत घ्यायला पैसा मिळतो, चालवायला सहसा मिळत नाही. मोठी बस किमान १२ वर्षं किंवा ५ लाख मैल टिकवायची असते, आणि तेवढा काळ चालकांचा पगार स्थानिक पैशातूनच काढायचा असतो. त्यासाठी या सात काउंट्यांत १ ऑक्टोबर २०२३ पासून पाऊण टक्का विक्रीकर सुरू झाला. त्यातला ८३ टक्के पैसा कौन्सिलला आणि १७ टक्के काउंट्यांना जातो. कौन्सिलच्या वाट्यातले पाच टक्के पायी चालणाऱ्यांसाठी आणि सायकलस्वारांसाठी राखलेले आहेत. केंद्राच्या पैशाइतक्या अटी त्याला नसल्यामुळे, लहान गावांची तुटलेली पदपथांची टोकं जोडायला हाच पैसा मला सर्वांत उपयोगी वाटतो.

काकूंना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुमचा,
संजू