विहिरीतले नायट्रेट: युरियावर खापर फोडण्याआधी

महोदय,

विदर्भातल्या विहिरींवर ‘नायट्रेट जास्त’ असा शेरा पडला की ‘शेतकऱ्यांनी युरिया वारेमाप टाकला’ हे वाक्य पाठोपाठ येतेच. प्रश्न खरा आहे. केंद्रीय भूजल मंडळाच्या 2024 च्या अहवालात वर्धा, अमरावती, यवतमाळ, बुलढाणा या जिल्ह्यांची नावे आहेत. पण लिटरमागे 45 मिलिग्रॅमची मर्यादा ओलांडली एवढ्यावरून ते नायट्रेट वावरातल्या युरियाचे, गोठ्यामागच्या उकिरड्याचे की संडासाच्या शोषखड्ड्याचे, हे कळत नाही. त्यासाठी समस्थानिकांची, म्हणजे एकाच मूलद्रव्याच्या हलक्या-जड अणूंची तपासणी लागते.

हवेतल्या नायट्रोजनमध्ये 15 वजनाचे अणू जेमतेम 0.37 टक्के, बाकी सगळे 14 चे. युरिया हवेतल्याच नायट्रोजनपासून बनतो, म्हणून हवा शून्य धरली तर त्याचा आकडा (जड अणूंचे प्रमाण हवेपेक्षा हजारी किती कमी-जास्त, तो) साधारण उणे 4 ते अधिक 4 असतो. शेणामुतातून अमोनिया उडतो तेव्हा हलके अणू आधी जातात, जड मागे राहतात. त्यापासून झालेल्या नायट्रेटचा आकडा बहुधा 8-10 च्या वर, कधी 20 पर्यंत जातो. मातीतला मूळचा नायट्रोजन 3 ते 8 च्या मध्ये. नायट्रेटमधला ऑक्सिजनही मोजतात, पण युरिया आणि शेणखत यांना तो वेगळे करत नाही. दोघांचे नायट्रेट मातीतले जिवाणूच बनवतात.

खरी गफलत पुढे होते. खोल बोअरमध्ये किंवा पाणी साचलेल्या काळ्या मातीखाली प्राणवायू संपला की जिवाणू नायट्रेटच खाऊ लागतात, तेही हलके आधी. निम्मे नायट्रेट असे गेले तर उरलेल्याचा आकडा सहज 5 ते 10 ने चढतो आणि युरियाचे नायट्रेट शेणाचे भासते. ओळखायची खूण अशी: नायट्रेट कमी होत जाते, नायट्रोजन आणि ऑक्सिजन दोन्हींचे आकडे सोबत चढतात, आणि ऑक्सिजनची वाढ नायट्रोजनच्या निम्मी ते तेवढीच असते. म्हणून एका विहिरीच्या एका आकड्यावर निकाल देऊ नये.

निदान 10-12 ठिकाणचे नमुने हवेत: गावठाणातल्या विहिरी, गावापासून लांबच्या वावरातल्या विहिरी, हातपंप, नाल्याचे गावाच्या वरचे व खालचे पाणी. सोबत त्याच गावच्या उकिरड्याचा पाझर आणि शोषखड्ड्याचे पाणी घ्यावे, कारण पुस्तकातल्या पट्ट्यांपेक्षा स्थानिक आकडा भरवशाचा. एकदा मे महिन्यात, एकदा पावसाळा सरताना. बोअर निदान 10 मिनिटे चालू ठेवून मग पाणी भरावे. जागेवरच 0.45 मायक्रॉनच्या फिल्टरने गाळावे, बाटली थोडी रिकामी ठेवावी, बर्फात न्यावी आणि लगेच गोठवावी. उन्हात राहिलेल्या बाटलीत जिवाणू काम करत राहतात आणि आकडा प्रयोगशाळेत पोहोचण्याआधीच बदलतो. टिकवण्यासाठी आम्ल टाकू नये. पाण्यात नायट्राइट (नायट्रेटपेक्षा ऑक्सिजनचा एक अणू कमी असलेले रूप) असेल तर ऑक्सिजनचा आकडा बिघडतो.

शेण आणि माणसाचे सांडपाणी मात्र या दोन आकड्यांनी सुटे होत नाही. तिथे बोरॉनचे समस्थानिक आणि क्लोराइड मदत करतात. पण पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात क्लोराइडवर विसंबू नये, तिथले पाणी मुळातच खारे. पोटॅशच्या खतातही बहुधा क्लोराइड असते, म्हणून ते पडते त्या वावरातही तीच अडचण. तळ्यातल्या शेवाळाला फॉस्फरस जबाबदार असेल तर ही वाट बंदच, कारण फॉस्फरसचा स्थिर समस्थानिक एकच आहे.

तपासणीला पैसा लागतो, मान्य. पण नायट्रेट उकिरड्याचे निघाले तर युरिया कमी करून विहीर सुधारणार नाही. शेणखताच्या खड्ड्याला तळ आणि शोषखड्ड्याला दुसरी जागा द्यावी लागेल. युरियाचे निघाले तर 45 किलोच्या गोणीत सुमारे 20.7 किलो नायट्रोजन असतो हे धरून मात्रा हप्त्यांत विभागावी लागेल, आणि मोठ्या पावसाच्या तोंडावर खत देणे टाळावे लागेल. तोवर अशा विहिरीचे पाणी तान्ह्या बाळाच्या दुधात वापरू नये. उकळूनही नाही: वाफ उडते, नायट्रेट भांड्यातच राहते आणि दाट होते.

— एक वाचक, जि. यवतमाळ