समुद्रकाठच्या प्लॉटचे खरे माप

महोदय,

‘मोठा प्लॉट, टुमदार घर, समोर समुद्र’ अशा कोकणातल्या जाहिराती हल्ली लातूर-परभणीतही दिसतात. टँकरची वाट पाहणाऱ्या आपल्या माणसाला त्यांची ओढ वाटणारच. पण निवृत्तीची पुंजी घालण्याआधी नियम पाहावेत. २०१९ च्या किनारपट्टी नियमन अधिसूचनेनुसार विरळ वस्तीच्या ग्रामीण किनाऱ्यावर भरतीरेषेपासून २०० मीटरपर्यंतचा पट्टा ‘ना विकास क्षेत्र’ आहे. म्हणजे एकरभर जागा घेऊनही घर बांधण्याजोगा तुकडा उरेलच असे नाही. शेतजमीन असेल तर घेणारा शेतकरी असावा लागतो, नाहीतर परवानगी हवी. शिवाय कोकणात सातबाऱ्यावर सामायिक नावे पुष्कळ असतात, वारस मुंबईत. एकाची संमती राहिली की व्यवहार अडकतो.

घराचाही विचार वेगळा करावा लागतो. आपली माळवदे, म्हणजे सपाट मातीची छपरे, तिथल्या पावसात टिकणार नाहीत. जांभा दगड आणि उतरते छप्पर हवे. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने रायगडात छपरे उडवली, नारळी-पोफळीच्या बागा झोपवल्या.

अशा प्रत्येक जाहिरातीत गट क्रमांक आणि भरतीरेषेपासूनचे अंतर छापणे शासनाने सक्तीचे करावे. तोवर आपल्या वृत्तपत्राने तरी जाहिरातदारांकडे त्याचा आग्रह धरावा, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, परभणी